एका क्रीडागृहाचे म्हातारपण



वसंतातल्या या व्याख्यानांत संतवाङ्मयावर, राज्यघटनेवर, शेतीवर आणि शास्त्रीय शोधांवर विद्वान मंडळी बोलतात. त्यांच्या पंगतीत बसून आम्ही अमेरिकेतील एका चेंडूच्या खेळाच्या इमारतीवर बोलणार, हे पत्रिकेत वाचून पुष्कळांना नवल वाटले असेल. आमची हयात कामगार चळवळीत गेली. विद्यापीठाची पायरी आम्ही चढलो नाही. जे काही वाचले ते युनियनच्या कचेरीतल्या कपाटातले आणि सार्वजनिक वाचनालयातले. खेळातले बारकावे सांगण्याचा आमचा अधिकार नाही. परंतु एखादी इमारत कोणाच्या पैशाने व कोणाच्या हातांनी उभी राहते, तिच्यातून कमावतो कोण, आणि ती ‘जुनी झाली’ असे ठरवतो कोण, हे प्रश्न आमच्या रोजच्या कामातले आहेत. त्या प्रश्नांची उत्तरे देणारी इमारत योगायोगाने खेळाची निघाली, एवढेच.

ही इमारत सिएटल शहरात आहे. अमेरिकेच्या नकाशात वायव्येचा कोपरा पाहिला की वॉशिंग्टन नावाचे राज्य दिसते. देशाची राजधानी वॉशिंग्टन ती वेगळी; ती दुसऱ्या टोकाला, पूर्वेकडे. राज्यातले सर्वांत मोठे शहर सिएटल. समुद्राच्या खाडीवर वसलेले, ढगाळ, थंडीचे कितीतरी महिने रिपरिप पावसात भिजणारे. लाकूड, मासेमारी, गोदी आणि जहाजबांधणी हे त्याचे जुने धंदे. पुढे बोइंग कंपनीचे विमानांचे कारखाने आले. कामगारांच्या इतिहासात या शहराचे नाव आणखी एका कारणाने येते. ६ फेब्रुवारी ते ११ फेब्रुवारी १९१९ या दिवसांत जहाजबांधणी कामगारांना पाठिंबा म्हणून तेथे सार्वत्रिक संप झाला आणि सुमारे ६५ हजार कामगार कामावरून बाहेर पडले. त्या दिवसांत संपकऱ्यांनीच सार्वजनिक भटारखाने चालवले, लहान मुलांसाठी दूध पोहोचवले आणि शहराची शांतता राखली. सार्वजनिक गोष्ट कोणाची, हा वाद या शहराला नवा नाही हे ध्यानात यावे म्हणून एवढे सांगितले.

आता खेळाकडे वळू. बास्केटबॉल हा खेळ मुळातच छपराखालचा. १८९१ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड गावी जेम्स नेस्मिथ नावाच्या व्यायामशिक्षकापुढे अडचण होती ती हिवाळ्याची. बाहेर बर्फ, आत कवायतीला कंटाळलेली तरुण मुले. त्याने व्यायामशाळेच्या सज्जाला पीच फळांच्या दोन टोपल्या ठोकल्या, १३ नियम लिहिले आणि मुलांना चेंडू दिला. म्हणजे कबड्डी किंवा खोखो जसा अंगणात जन्मला, तसा हा खेळ छपराखाली जन्मला. छप्पर नसले तर काय होते हे १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकमध्ये दिसले. तेथे हे सामने उघड्यावर मातीच्या मैदानात ठेवले होते. अंतिम सामन्याच्या दिवशी पाऊस कोसळला, मैदानाचा चिखल झाला, चेंडू जमिनीवरून उसळेना. अमेरिकेने कॅनडाला १९ विरुद्ध ८ असे हरवले. या खेळात एकेक संघ शंभर गुणांपर्यंत जातो, हे लक्षात घेतले की त्या आकड्यांतला चिखल दिसू लागतो. तेव्हा या खेळाला इमारत लागतेच, आणि इमारत आली की तिच्या मागोमाग पैसा, मालकी आणि राजकारण ही येणारच.

सिएटलची ही इमारत मात्र खेळासाठी जन्मली नाही. १९६२ साली, २१ एप्रिलपासून २१ ऑक्टोबरपर्यंत, तेथे एक जागतिक प्रदर्शन भरले. एकविसावे शतक कसे असेल, हा त्याचा विषय. ९० लाखांहून अधिक लोकांनी ते पाहिले. सुईसारखा उंच मनोरा आणि एका रुळावरून धावणारी गाडी ही त्याची नावाजलेली आकर्षणे. त्या प्रदर्शनाचे प्रमुख वास्तुशिल्पी पॉल थायरी; त्यांनीच वॉशिंग्टन राज्याच्या दालनाची ही इमारत रचली. प्रदर्शनाच्या काळात तिच्यात उद्याच्या जगाचा देखावा मांडलेला होता. एका पारदर्शक गोल पाळण्यात शंभराहून अधिक माणसे एकदम बसत आणि तो पाळणा त्यांना वर त्या देखाव्यात घेऊन जाई. एकविसाव्या शतकातली घरे, वाहने, शहरे पाहून लोक बाहेर पडत. श्रोतेहो, प्रत्यक्ष एकविसावे शतक आले तेव्हा याच इमारतीचे काय झाले ते पुढे येईलच.

या इमारतीचे सारे वैभव तिच्या छपरात आहे. आपल्या देवळाच्या सभामंडपाला खांब असतात. खांबाआड बसलेल्याला कीर्तनकार दिसत नाही, नुसता ऐकू येतो. कीर्तनात ते चालते, खेळात चालत नाही. म्हणून हजारो लोकांच्या डोक्यावर, मध्ये एकही खांब न ठेवता, छप्पर कसे तोलावे हा अशा इमारतीपुढचा पहिला प्रश्न असतो. थायरी यांनी सुमारे ११० फूट उंचीचे छप्पर चार बाजूंच्या भक्कम काँक्रीटच्या आधारांवर तोलले. छपराचा आकार खोगिरासारखा वाकडा. घोड्याच्या मानेपासून शेपटीपर्यंत पाहिले तर खोगीर मध्ये खोल असते, आणि स्वाराच्या एका पायापासून दुसऱ्या पायापर्यंत पाहिले तर मध्ये उंच. एकाच पृष्ठभागाला असे दोन उलट बाक दिले म्हणजे पातळ छपरालाही ताठपणा येतो. कागद सपाट धरला तर लवतो, वाकवून धरला तर उभा राहतो, हा अनुभव शाळकरी मुलालाही असतो, तत्त्व तेच. लांबून पाहिले तर विणकराच्या जुन्या टोपीसारखी ही इमारत दिसते. तिथल्या लोकांचे तिच्यावर प्रेम बसले ते या आकारामुळे.

प्रदर्शन संपले. बहुतेक ठिकाणी प्रदर्शन संपले की तंबू उठतात आणि चुना उरतो. सिएटलकरांनी ती जागा मोडली नाही, सार्वजनिक केंद्र म्हणून ठेवली. राज्याचे दालन शहराच्या ताब्यात आले, आत प्रेक्षकांच्या बैठका बांधल्या गेल्या आणि १९६४ साली ‘सिएटल सेंटर कोलिझियम’ या नावाने ते क्रीडागृह झाले. त्याच वर्षी २१ ऑगस्टला इंग्लंडच्या ‘बीटल्स’ या गायकवृंदाचा कार्यक्रम तेथे झाला. सिएटल विद्यापीठाचा बास्केटबॉल संघ तेथे खेळू लागला. १९६७ साली व्यावसायिक बास्केटबॉलचा नवा संघ शहरात आला. राष्ट्रीय संघटनेत प्रवेश मिळवण्यासाठी त्याच्या मालकांनी १७ लाख ५० हजार डॉलर भरले होते. हा आकडा श्रोत्यांनी कृपा करून लक्षात ठेवावा.

संघाचे नाव ठेवले ‘सुपरसॉनिक्स’, म्हणजे आवाजापेक्षा वेगवान. हे नाव बोइंग कंपनीच्या एका विमानावरून आले. आवाजाहून वेगाने उडणारे प्रवासी विमान बनवण्याचे काम कंपनीला सरकारी मदतीने मिळाले होते आणि साऱ्या शहराच्या आशा त्यावर होत्या. १९७१ साली अमेरिकन काँग्रेसने पैसा बंद केला. ते विमान कधी उडालेच नाही. आधीच मंदीने ग्रासलेल्या बोइंगने सिएटल भागातली माणसे इतकी कमी केली की १९६८ साली जेथे सुमारे १ लाख कामगार होते तेथे १९७१ च्या एप्रिलात ४० हजारांहूनही कमी उरले. विमानतळाजवळ कोणी मोठा फलक लावला होता. त्याचा आशय असा की शहर सोडणाऱ्या शेवटच्या माणसाने जाताना दिवे मालवावेत. ही थट्टा होती, पण बेकारी पाहिलेल्या माणसाला तिच्यातली कळ कळते. विमान गेले, नोकऱ्या गेल्या, नाव मात्र खेळाडूंच्या छातीवर राहिले. अशा दिवसांत स्वस्त तिकीट काढून त्या छपराखाली संध्याकाळी दोन तास बसता येणे ही लहान गोष्ट नव्हती.

त्याच छपराखाली श्रमाच्या कायद्याची एक लढाईही झाली. स्पेन्सर हेवूड हा मिसिसिपीतला निग्रो शेतमजुरांच्या घरातला मुलगा. त्या काळी त्या समाजाला हाच शब्द लावीत, आज त्यांना कृष्णवर्णीय अमेरिकन म्हणतात. दहा भावंडे, लहानपणी कापूस वेचण्याचे काम. खेळाच्या जोरावर तो १९६८ च्या ऑलिंपिक संघात गेला आणि १९७० साली सुपरसॉनिक्सने त्याला करारावर घेतले. राष्ट्रीय संघटनेचा नियम असा होता की शाळा संपून चार वर्षे झाल्याखेरीज कोणालाही व्यावसायिक खेळाडू होता येणार नाही. सर्व मालकांनी मिळून एखाद्या माणसाला काम द्यायचे नाही असे ठरवले, तर त्याला आमच्या भाषेत काळी यादी म्हणतात. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १ मार्च १९७१ रोजी न्यायालयाने हेवूडला खेळू देणारा मनाई हुकूम पुन्हा लागू केला आणि नंतर संघटनेला तडजोड करावी लागली. खेळाडू हा हौशी कलावंत असला तरी तो कामगारही आहे, आणि मालकांच्या संगनमताविरुद्ध कायदा त्याच्याही बाजूने उभा राहू शकतो, हे त्या निकालाने दाखवले. मालक मंडळींपैकी एक, म्हणजे सुपरसॉनिक्सचे मालक सॅम शुलमन, या लढ्यात खेळाडूच्या बाजूने होते हेही न्यायाने सांगितले पाहिजे.

१९७८ साली हा संघ अंतिम फेरीत गेला आणि सातवा सामना याच कोलिझियममध्ये हरला. पुढच्या वर्षी, १९७९ साली, लेनी विल्कन्स यांच्या मार्गदर्शनाखाली त्याने राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. परंतु त्या वर्षी संघाचे घर बदललेले होते. शहरात १९७६ साली काँक्रीटचा प्रचंड घुमट उभा राहिला होता, ‘किंगडोम’ नावाचा. तेथे माणसे जास्त मावत, म्हणून संघ तिकडे गेला आणि १९८५ मध्ये परत आला. त्या थोरल्या घुमटाची कथा थोडक्यात सांगतो, कारण ती आमच्या विषयाला धरून आहे. १९९४ च्या जुलैत त्याच्या आतल्या छताच्या जड फरश्या खाली कोसळल्या. दुरुस्तीचे काम चालू असता ऑगस्टमध्ये यारीचा अपघात होऊन दोन कामगार ठार झाले. आणि २६ मार्च २००० रोजी सुरुंग लावून तो सारा घुमट जमीनदोस्त करण्यात आला. अवघे चोवीस वर्षांचे आयुष्य. मोठेपणा आणि टिकाऊपणा या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

लहान कोलिझियमलाही वय झालेच. ५ जानेवारी १९८६ रोजी फिनिक्सच्या संघाबरोबर सामना चालू असताना बाहेर पाऊस होता आणि छप्पर गळू लागले. लाकडी जमिनीवर थेंब पडू लागले. पोरे टॉवेल घेऊन पुसत होती, खेळाडू घसरत होते. शेवटी पंचांनी सामना थांबवला आणि उरलेला खेळ दुसऱ्या दिवशी झाला. छपराखाली जन्मलेल्या खेळाचा सामना पावसाने तहकूब होण्याचा राष्ट्रीय संघटनेतला हा पहिलाच प्रसंग. साऱ्या देशाला हसू आले. परंतु गळके छप्पर हे मान्य करण्यासारखे म्हातारपण आहे. ते डोळ्यांना दिसते, त्यावर उपाय गवंड्याजवळ आणि लोहाराजवळ असतो.

तो उपाय शहराने केला. १९९४ साली इमारत आतून पोखरून काढली. छपराची जुनी रेषा आणि पोलादी तुळया राखल्या. वर चढायला जागा नव्हती म्हणून जमीन रस्त्याच्या पातळीखाली ३५ फूट नेली आणि तेथे नव्या बैठका बसवल्या. १९९५ च्या ऑक्टोबरात इमारत पुन्हा उघडली तेव्हा बास्केटबॉलसाठी १७ हजारांवर माणसे बसू शकत होती. शहराचा खर्च सुमारे ७ कोटी ४५ लाख डॉलर. हे कर्ज इमारतीच्याच उत्पन्नातून फेडायचे, अशी योजना होती. एका बँकेने १ कोटी ५१ लाख डॉलर देऊन इमारतीवर आपले नाव लावले आणि कोलिझियमचे ‘की अरेना’ झाले. मूठभर अपवाद सोडले तर सगळीकडे अशा नावांचा बाजार तेव्हापासून वाढतच गेला. देवळाच्या पायरीवर देणगीदाराचे नाव कोरतात. येथे देवाचेच नाव बदलते.

आता दुसऱ्या प्रकारचे म्हातारपण पाहा. इमारत नवी झाली, पुढच्याच वर्षी संघ अंतिम फेरीपर्यंत गेला, आणि दहा वर्षे होतात न होतात तोच मालकांकडून ऐकू येऊ लागले की इमारत जुनी झाली. छप्पर गळत नव्हते. मग जुने काय झाले? हिशेब जुना झाला. पूर्वी संघाचे उत्पन्न तिकिटांवर असे. नंतर ते श्रीमंतांसाठी राखलेल्या काचेच्या खोल्यांवर, खास बैठकांवर, उपाहारगृहांवर, जाहिरातीच्या पाट्यांवर आणि मोटारी उभ्या करण्याच्या भाड्यावर येऊन बसले. दुसऱ्या शहरांत अशा सोयींची मोठमोठी क्रीडागृहे निघाली आणि त्यांच्यातल्या उत्पन्नाचा मोठा वाटा संघमालकांना मिळू लागला. सिएटलच्या करारात त्या उत्पन्नाचा वाटा शहराकडे जात होता, कारण शहराला कर्ज फेडायचे होते. तेव्हा ‘इमारत जुनी आहे’ या वाक्याचा खरा अर्थ ‘करार आम्हांला पुरेसा गोड नाही’ असा होता. यंत्रे जुनी झाली, हे वाक्य गिरणगावातल्या माणसाने पुष्कळदा ऐकले आहे. यंत्र खरोखर जुने असतेही. परंतु ते नवे का केले नाही आणि त्याखालच्या जमिनीची किंमत आज काय आहे, हे दोन प्रश्न त्या वाक्यापाठोपाठ विचारावेच लागतात.

२००१ साली कॉफीच्या धंद्यातले बडे उद्योगपती हॉवर्ड शुल्ट्झ यांच्या गटाने संघ विकत घेतला होता. त्यांनी सार्वजनिक पैशातून सुमारे २२ कोटी डॉलरचे नूतनीकरण मागितले. राज्याच्या विधिमंडळाने ते दिले नाही. जुलै २००६ मध्ये त्यांनी ३५ कोटी डॉलरला संघ विकून टाकला. घेणारे होते ओक्लाहोमा शहरातील क्ले बेनेट आणि त्यांचे सोबती. १७ लाख ५० हजारांचा आकडा आठवतो ना? चाळीस वर्षांत तो दोनशे पट झाला. ही वाढ झाली ती शहराने इमारत दिली, प्रेक्षकांनी तिकिटे काढली, खेळाडूंनी घाम गाळला म्हणून. परंतु विक्रीची रक्कम ज्या हातात गेली तो हात यांपैकी कोणाचाच नव्हता.

नागरिक स्वस्थ बसले नाहीत. नोव्हेंबर २००६ मध्ये सिएटलकरांपुढे मतदानासाठी एक प्रस्ताव आला. त्याचे म्हणणे सरळ होते: व्यावसायिक संघासाठी शहराने पैसा घालायचा असेल, तर सरकारी रोख्यांवर जेवढे व्याज मिळते तेवढी तरी प्राप्ती शहराला झाली पाहिजे. घरोघर जाऊन वृद्ध व आजारी माणसांची शुश्रूषा करणाऱ्या कामगारांची संघटना या प्रस्तावामागे उभी होती. शंभरांतल्या सुमारे ७४ मतदारांनी त्याला होकार दिला. यात खेळाचा द्वेष नव्हता. आजारी आईला आंघोळ घालणाऱ्या बाईचा पगार वाढवताना तिजोरी रिकामी असते, आणि काचेच्या खोल्या बांधताना ती भरलेली कशी, एवढाच प्रश्न होता. आम्हांला तो रास्त वाटतो.

नव्या मालकांनी उपनगरात ५० कोटी डॉलरचे क्रीडागृह मागितले. तेही विधिमंडळाने नाकारले. मग त्यांनी संघ ओक्लाहोमाला नेण्याचे ठरवले. करार मात्र २०१० पर्यंतचा होता. शहर न्यायालयात गेले: भाड्याचे पैसे नकोत, कराराप्रमाणे येथे खेळा. या खटल्यात संघाच्या वकिलांनी एक युक्तिवाद केला तो आम्ही कामगारांच्या शिबिरात नेहमी सांगतो. ते म्हणाले, संघ गेल्याने शहराचे आर्थिक नुकसान होणार नाही, कारण लोक करमणुकीचे तेच पैसे शहरात दुसरीकडे खर्च करतील. म्हणजे पैसे मागताना ‘आमच्यामुळे शहर समृद्ध होते’, आणि निघून जाताना ‘आमच्या जाण्याने काही बिघडत नाही’. अर्थशास्त्राचे ग्रंथ चाळून जे सिद्ध करायला कष्ट पडतात ते त्यांनी एका कागदावर कबूल करून टाकले. २ जुलै २००८ रोजी, निकाल यायला काही तास उरले असताना, तडजोड झाली. शहराला ४ कोटी ५० लाख डॉलर मिळाले. संघाचे नाव व रंग सिएटलसाठी राखून ठेवले गेले, खेळाडू ओक्लाहोमाला गेले. ४१ हंगामांचे नाते संपले. १९९५ च्या बांधकामाचे कर्ज तेव्हा पुरते फिटलेही नव्हते.

येथे दुसरी बाजूही मांडली पाहिजे. ती न मांडणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. एकूण शहराचे नुकसान होत नाही हे हिशेबाने खरे असले, तरी दारावर तिकिटे फाडणारा, खाद्यपदार्थ विकणारी, रात्री झाडलोट करणारे, यांच्या हक्काच्या वर्षातल्या एक्केचाळीस संध्याकाळी गेल्या, कारण एका हंगामात घरचे सामने तेवढेच असतात. त्यांची मजुरी सरासरीत बुडून जाते. आणि एक गोष्ट कोणत्याच वहीत मांडता येत नाही. बापाने ज्या बाकावर बसून सामना पाहिला त्याच बाकावर मुलाला नेण्याचे सुख. नागरिकांच्या या मायेचीच खंडणी मालक वसूल करतात, हे खरे. पण म्हणून ती माया खोटी ठरत नाही.

इमारत ओस पडली का? नाही. २००० सालापासून तेथे स्त्रियांचा व्यावसायिक संघ खेळत होता, ‘सिएटल स्टॉर्म’. तोही ओक्लाहोमाच्या मालकांकडे गेला होता. २००८ च्या आरंभी सिएटलच्याच स्त्रियांच्या एका गटाने १ कोटी डॉलर देऊन तो विकत घेतला आणि शहरातच ठेवला. पुरुषांच्या संघाला जी इमारत जुनी व तोकडी होती, तीच या बायकांना पुरली. त्यांनी २००४, २०१०, २०१८ आणि २०२० अशी चार विजेतेपदे मिळवली. एकाच छपराखाली एकाचा व्यवहार जमत नाही आणि दुसऱ्याचा जमतो, तेव्हा दोष छपराचा नसतो.

पुढची काही वर्षे नव्या क्रीडागृहाच्या बेतांची गेली. एका भांडवलदाराने बंदराजवळ जागा घेऊन तेथे क्रीडागृह बांधण्याची योजना आणली. बांधकामातल्या कामगारांना त्यात काम दिसत होते; गोदी कामगारांच्या संघटनेने मात्र विरोध केला आणि २०१२ साली ती न्यायालयातही गेली, कारण मालमोटारींचा रस्ता अडला तर बंदराचा धंदा आणि तेथली कायमची कामे धोक्यात येणार होती. कामगार कामगारांच्या समोर उभे राहतात असे हे प्रसंग आमच्या चळवळीला अवघड जातात. पण दोन वर्षांचे काम आणि पिढ्यान्‌पिढ्यांचे काम यांतला फरक विसरून चालत नाही. २ मे २०१६ रोजी नगरपरिषदेने रस्त्याचा एक तुकडा त्या योजनेला देण्यास पाच विरुद्ध चार मतांनी नकार दिला. नकार देणाऱ्या पाचही सभासद स्त्रिया होत्या, आणि त्याबद्दल त्यांना जी गलिच्छ शिवीगाळ सोसावी लागली ती खेळाच्या नावाला काळिमा लावणारी होती.

या कथेत एक मराठी आडनाव येते. त्याच योजनेच्या गटाने २०१३ साली कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटो शहराचा ‘किंग्ज’ संघ विकत घेऊन सिएटलला आणण्याचा करार केला होता. म्हणजे आपला संघ पळवला म्हणून हळहळणारे शहर दुसऱ्याचा संघ आणू पाहत होते. राष्ट्रीय संघटनेच्या मालकांनी २२ विरुद्ध ८ मतांनी स्थलांतर नामंजूर केले आणि मुंबईत जन्मलेले विवेक रणदिवे यांच्या गटाने तो संघ घेऊन सॅक्रामेंटोतच ठेवला. त्या वेळी संघाचे मोल ५३ कोटी ४० लाख डॉलर धरले गेले. याच संघाने ४ व ५ ऑक्टोबर २०१९ रोजी मुंबईत वरळीच्या क्रीडागृहात इंडियानाच्या संघाबरोबर सामने खेळले. भारतात त्या संघटनेच्या संघांचे ते पहिले सामने.

शेवटी सिएटलने पुन्हा जुन्या छपराकडेच पाहिले. २०१७ साली शहराच्या वारसा मंडळाने ते जपण्यायोग्य ठरवले. २०१८ साली एका खाजगी कंपनीशी करार झाला. अट अशी की छप्पर हलवायचे नाही, मालकी शहराचीच राहील, बांधकामाचा खर्च कंपनीने करावा. मग जे काम झाले ते ऐकून कोणत्याही गवंड्याने, सुताराने, जोडाऱ्याने कानाला हात लावावा. सुमारे ४ कोटी ४० लाख पौंड, म्हणजे जवळजवळ २० हजार टन वजनाचे छप्पर तात्पुरत्या पोलादी खांबांवर अधांतरी तोलून धरले. जुने आधार कापले. खालची सारी इमारत काढून टाकली आणि आणखी खोल खणून नवी उभारली. आतली जागा सुमारे दुप्पट झाली. मग छप्पर नव्या आधारांवर टेकवले. मध्येच साथीचा काळ आला, तरी काम चालू राहिले. खर्च सुमारे ११५ कोटी डॉलर, म्हणजे १९९५ च्या पंधरा पटींहून अधिक. २०२१ च्या ऑक्टोबरात इमारत उघडली. नावाचे हक्क अॅमेझॉन कंपनीने घेतले आणि हवामानरक्षणाच्या प्रतिज्ञेचे, म्हणजे ‘क्लायमेट प्लेज अरेना’ असे नाव दिले. बर्फावरच्या हॉकीचा नवा संघ तेथे आला, आणि २०२२ साली स्त्रियांचा संघ परत आला. ज्या छपरातून गळणाऱ्या पावसाने १९८६ साली सामना बंद पाडला, त्याच छपरावरचा पाऊस आता टाकीत साठवून हॉकीच्या मैदानाचा बर्फ करण्यासाठी वापरतात.

या इतिहासातून आम्ही काय घ्यावे? खाजगी पैसा आला म्हणून सारे सुखाचे झाले असे आमचे म्हणणे नाही. ११५ कोटी डॉलर घालणारा ते तिकिटातून, भाड्यातून आणि पाण्याच्या बाटलीतूनही वसूल करणारच. आणि कमी पगाराच्या माणसाला आत जाणे परवडते का, यावरच अशा सार्वजनिक जागेची परीक्षा झाली पाहिजे. परंतु दोन गोष्टी सिएटलच्या नागरिकांनी केल्या त्या शिकण्यासारख्या आहेत. त्यांनी जमीन आणि इमारत विकली नाही. आणि पैसा देण्यापूर्वी हिशेब मागितला, मत देऊन मागितला. त्यामुळे १९६२ साली करदाते म्हणून त्यांच्या आईबापांनी जे छप्पर उभे केले ते आजही त्यांच्या मालकीचे आहे, मग पाटीवर नाव कोणाचे का असेना.

सार्वजनिक पैशाने बांधलेले नाट्यगृह, तालीमखाना, वाचनालय किंवा मंडई ‘जुनी झाली’ असा ठराव कोठेही आला, तर तीन गोष्टी विचाराव्यात असे आमचे सांगणे आहे. जुने काय झाले आहे, भिंत की करार? नवे झाल्यावर त्याचे उत्पन्न कोणाच्या खात्यात जाईल? आणि काम करणारी माणसे व स्वस्त तिकिटाची माणसे त्या नव्या नकाशात कोठे दाखवली आहेत? नकाशा मागून घ्यावा आणि तो पाहिल्याखेरीज हात वर करू नये.